पाठ सारखी हवी

उन्हाळ्याच्या दुपारी बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात मारुतीच्या पारावर पत्त्यांचा डाव बसलेला असतो. मोठी माणसं मेंढीकोट नाहीतर रमी खेळतात आणि पोरं बदाम सात. कॅट मात्र बहुतेक वेळा जुनाच. कोपरे गोलावलेले, पानं फुगलेली, वास तंबाखूचा. असा कॅट पिसता पिसता मधेच जोकर दिसतो आणि त्याच्या टोपीवर बॉलपेनाने लिहिलेलं असतं : ‘किलवर नश्शी’. त्यावर कोणी हसत नाही आणि हरकतही घेत नाही. त्या पारापुरती ती किलवरची नश्शीच असते.

ती का लागते, हे बदाम सात खेळलेल्याला सांगावं लागत नाही. बदामाची सत्ती पडली की डाव सुरू होतो. मग प्रत्येक रंगात सत्तीच्या वर अठ्ठी, नश्शी, दश्शी आणि खाली छक्की, पंजी अशी रांग लागत जाते. किलवरची नश्शी हरवलेली असेल तर दश्शीपासून राजापर्यंतची चारही पानं कुणाच्या ना कुणाच्या हातात अडकून राहतात. बावन्नातलं एक पान गेलं की पाच पानं मरतात. नवा कॅट आणायचा तर पुन्हा बाजारच्या दिवसाची वाट पाहायची. त्यापेक्षा जोकर बरा.

जोकर या कामाला इतका चपखल बसतो, कारण त्याची पाठ बाकीच्या पानांसारखीच असते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘युकर’ नावाच्या खेळासाठी जन्मलेलं हे पान. आपल्याकडच्या बहुतेक डावांत त्याला काम नाही, म्हणून ते डबीत पडून राहतं. तोंडावर काय वाटेल ते लिहा, हातात धरल्यावर समोरच्याला पत्ता लागत नाही. दोन्ही जोकर खर्ची पडले आणि तिसरं पान हरवलं की मग खरी पंचाईत होते. दुसऱ्या मेलेल्या कॅटातलं पान घातलं तर निळ्या पाठींमध्ये एक लाल पाठ येते आणि ते पान कुणाकडे आहे ते आख्ख्या पाराला कळतं.

हरवलेल्या पानाची ही अडचण पारावरच्या छापील कॅटापेक्षा फार जुनी आहे. छापील पत्ते घरोघर पोचण्याआधी या देशात गंजिफा खेळत. गोल, हाताने रंगवलेली पानं. शेजारी शेजारी मांडली तर लहानशा बशांसारखी दिसणारी. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हुसेनकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारातल्या गंजिफाचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं. बारा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं, एकूण 144. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती असे एकेका रंगाचे धनी. शेवटचा अहिपती, म्हणजे सापांचा राजा. आज पत्त्यांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला याच पानांपाशी यावं लागतं.

बुलढाण्याच्या वाचकाने तोच ग्रंथ आणखी पुढे उलटावा. वऱ्हाड 1596 साली मोगलांच्या हाती आला आणि अबुल फजलने या नव्या सुभ्याचीही टिपणं घातली. त्यात मेहकर एक सरकार म्हणून येतं आणि मेहकराखालचं लोणारही येतं. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, इथे काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो, असं तो लिहितो. लोणारचं खारं पाणी आणि बादशहाचे पत्ते एकाच ग्रंथात. इतक्या बारीक नजरेच्या माणसाने पान हरवल्यावर काय करायचं ते मात्र लिहिलं नाही. बादशहाच्या घरी चिताऱ्यांचा कारखानाच होता म्हणा; हरवलं तर नवं रंगवून येणार.

दरबाराबाहेर ही गोष्ट एवढी सोपी नव्हती. गंजिफाचं एक पान करायचं म्हणजे कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, गोल कापायचे, खडूचा हात द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचं. मग रंगकाम आणि शेवटी लाखेचं रोगण. श्रीमंतांचे संच हस्तिदंताचे किंवा कासवाच्या पाठीचे असत, त्यांना दरबार कलम म्हणत. बाकीच्यांसाठी बाजार कलम. मोगली संचात आठ रंगांची 96 पानं. हिंदू घरांतून चालणाऱ्या दशावतारी संचात दहा रंगांची 120 : मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. नवव्या अवताराच्या जागी काही मराठी संचांत चक्क विठोबा विटेवर उभा असतो. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो पहिला उतरणार, दिवे लागल्यावर कृष्णाचा. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या पाचांत बरोबर उलटं.

सगळी मदार आठवणीवर. कुठलं पान पडून गेलं आणि आता त्या रंगात मोठं कोणतं उरलं, हे डोक्यात ठेवणारा जिंकतो. तिघांत प्रत्येकी चाळीस पानं, आणि मोजणी प्रत्येकाच्या मनात चाललेली. अशा खेळात एक पान कमी असणं म्हणजे हिशेबाच्या वहीतलं एक पान फाटण्यासारखं. गंजिफात जोकरही नव्हता. तेव्हा चिताऱ्याकडे जायचं आणि पान रंगवून घ्यायचं, हाच मार्ग.

जुने संच बघताना हे कळतं. शंभरावर पानं एका हातची असतात आणि मधेच एखाद्या पानावरचा मासा जरा जाडा दिसतो, त्याचा डोळा वेगळ्या बाजूला असतो, नाहीतर काठाची रेघ दुहेरीऐवजी एकेरी असते. दुसऱ्या कुणीतरी नंतरच्या काळात भर घातलेली. पण ही चूक तोंडाकडची आणि खेळणाऱ्यांना ती चालते. मासा जाडा असला तरी मत्स्याचाच. पाठीकडे मात्र तसं चालत नाही, म्हणून पाठी बहुधा एकाच साध्या रंगात ठेवलेल्या असतात. पाठीवर नक्षी नसणं हा गरिबीचा नव्हे, शहाणपणाचा भाग. अर्थात वीस वर्षं हाताळलेला लाल आणि कालचा लाल सारखा दिसत नाही. नव्या पानाला जुन्याच्या वयाचं करणं, ही चिताऱ्याची खरी परीक्षा.

ही कला महाराष्ट्रात टिकली ती सावंतवाडीत. तिथली चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध. गंजिफा रंगवणारे हात मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपले होते. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ती विद्या पुन्हा मिळवली आणि राजवाड्यात काम सुरू केलं. आजही तिथे कारागीर मांडी घालून पानं रंगवताना दिसतात. त्याच सुमारास मुंबईत रुडॉल्फ फॉन लायडन हे मूळचे जर्मन कलासमीक्षक देशभर फिरून गंजिफा जमवत होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 1982 साली त्यांचं गंजिफावरचं पुस्तक काढलं. खेळणारे घटत गेले आणि जमवणारे वाढले. पानाचं नशीबच इथे बदलतं.

कारण जमवणाऱ्याची भूक वेगळी असते. त्याला खेळायचं नसतं, संच पुरा करायचा असतो. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची चित्रं च्युइंगमच्या पुड्यातून मिळत. गाउडी नावाच्या कंपनीने 1933 साली 240 क्रमांकांचा संच बाजारात आणला. पोरांनी पैसे घालून गम चघळला, पानं जमवली, अदलाबदल केली. तरी 106 क्रमांक कुणाकडेच निघेना. निघणार कसा? तो छापलाच नव्हता. शोधत राहा आणि गम घेत राहा, असा सरळ हिशेब. संच खरोखर पुरा असता तरी काम सोपं नव्हतं. प्रत्येक पुड्यात कुठलंही एक चित्र निघण्याची सारखीच शक्यता धरली, तर 240 चित्रं पुरी करायला सरासरी साडेचौदाशेच्या आसपास पुडे लागतात, आणि त्यातले जवळजवळ 240 फक्त शेवटच्या एका चित्रापायी. छापलंच नसेल तर गणितही हात टेकतं.

तक्रारींची पत्रं गेली. 1934 साली कंपनीने 106 क्रमांकावर नॅप लाजोई या जुन्या खेळाडूचं चित्र छापलं आणि पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवलं. कागदाला क्लिपने जोडून पाठवल्यामुळे आज उरलेल्या बऱ्याच प्रतींवर त्या क्लिपचा वळ दिसतो. लाखो रुपयांच्या वस्तूवर कारकुनाच्या क्लिपचा डाग! जमवणाऱ्यांना तोही हवासा वाटतो, कारण त्यावरून पान कुठल्या वाटेने आलं ते कळतं.

कंपनीने न भरलेल्या जागा लोक स्वतः भरू लागले. स्टॅन म्युझियल हा त्या काळातला बलाढ्य फलंदाज. पण टॉप्स कंपनीच्या 1952 ते 1957 या वर्षांच्या संचांत तो नाही. 1958 साली पहिल्यांदा येतो. मग हौशी माणसं त्या त्या वर्षाचा आराखडा, अक्षरांचं वळण, रंगांचे पट्टे हुबेहूब साधून ‘असायला हवं होतं’ ते पान घरी बनवतात. ही हौस आज संगणक आणि छपाईयंत्रामुळे सोपी झाली आहे. तिचा एक अलिखित नियम आहे : पाठीवर हे पान घरी केलेलं आहे, असं स्पष्ट लिहायचं. तसं न लिहिता कुणी विकलं तर ती फसवणूक.

पारावर पाठ बोलली तर डाव नासतो; संग्राहकाकडे पाठ गप्प राहिली तर संच नासतो. काम एकच, भरती. एकाला ती लपवावी लागते, दुसऱ्याला कबूल करावी लागते.

बुलढाणा जिल्ह्याच्या मातीत या दोन्ही तऱ्हा पत्त्यांच्या बाहेरही सापडतात. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी मेहकर-लोणारच्या वाटेने फिरले, त्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त आहेत. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळा जमवल्या, त्याही जवळजवळ संग्राहकाच्या चिकाटीने. ज्याला आठवतं त्याच्या गावी जाऊन. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग पंथातल्यांनी पाठांतरावरून ती पुन्हा उभी केली. ती करताना त्यांनी कुणाची आठवण काय सांगते ते वेगवेगळं ठेवलं. हिराइसेची आठवण अशी, दुसऱ्याची तशी. या पाठभेदांना ‘वासना’ हाच शब्द रूढ झाला. हरवलेल्या पानाच्या जागी पान घातलं आणि ते कुणी घातलं तेही त्यावर लिहिलं.

लोणारच्या दैत्यसूदन मंदिरातली कथा दुसऱ्या तऱ्हेची. मंदिर यादवकाळाच्या आसपासचं, भिंतींवर कोरीव कामाची दाटी, आणि गाभाऱ्यातली मूळ मूर्ती बेपत्ता. आजची विष्णुमूर्ती नागपूरकर भोसल्यांनी बसवली, असं सांगतात. दर्शनाला येणारी आजी हा हिशेब विचारत नाही. तिच्यासाठी जागा भरलेली आहे, एवढं पुरे. अभ्यासक मात्र मूर्तीच्या दगडाकडे आणि घडणीकडे पुन्हा पुन्हा बघतो.

वऱ्हाडात छापील पत्ते नेमके कधी रुळले, हे गावागणिक वेगळं. नागपूरकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मलकापूर, शेगाववरून गेला, 1870 साली खामगावला फाटा आला. गाठी बांधून कापूस मुंबईला गेला आणि येताना गाड्यांनी छापील चीजवस्तू आणल्या. त्यात पत्त्यांच्या डब्या असणारच. बावन्न पानं, पाठ यंत्राची. गंजिफाचा चिताऱ्याशी जोडलेला धागा तिथे तुटला. हरवलेलं पान करून देणारं आता कुणी नव्हतं.

म्हणून भरती पोरांच्या हाती आली. 1990च्या दशकात कुस्तीवीरांच्या आणि क्रिकेटपटूंच्या ट्रम्पकार्डांचं वेड गावोगाव होतं. उंची, वजन, छाती. ज्याचा आकडा मोठा त्याने पान जिंकायचं. एखादं पान गेलं की लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापायचा, वर्तमानपत्रातला फोटो खळीने चिकटवायचा आणि आकडे आठवतील तसे लिहायचे. आकडे बहुधा थोडे फुगवूनच आठवत. पाठीवर मात्र ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ तसंच राहून जाई. असलं पान हातात आलेल्या पोराचा चेहरा कितीही निर्विकार असो, उपयोग नसे.

पारावरच्या त्या किलवर नश्शीची गोष्ट मात्र इतक्यात मिटत नाही. पावसाळ्याआधी कोणीतरी घर शाकारायला घेतं, जुनी पेटी हलवतं आणि पेटीखाली खरी नश्शी निघते. धुळीने भरलेली, पण पाठ अजून निळीशार, कारण इतकी वर्षं तिला कुणाचा हात लागलेला नाही. ती पारावर येते, कॅटात बसते आणि पहिल्याच डावात सगळ्यांना पाठीवरून ओळखू येते. दोन डाव झाल्यावर कुणीतरी ती काढून डबीत टाकतं आणि पेनाने लिहिलेला जोकर पुन्हा पिसायला घेतो.