वाघ, चितळ आणि व्होल्टेरांचे गणित

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत वाघ चितळ-सांबरांवर जगतो, तरी चितळ-सांबरे संपत नाहीत. भक्षक आणि भक्ष्य यांच्या या सहवासाचे गणित मांडले गेले ते मात्र समुद्राकडे पाहून.

पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी मंदावली. फ्यूम बंदरातील मासळीत मुशी-पाकटांसारख्या भक्षक माशांचे प्रमाण १९१४ साली शेकडा १२ होते, ते १९१८ साली ३६ झाले. प्राणिशास्त्रज्ञ उम्बेर्तो दांकोना यांनी हे कोडे रोमचे गणितज्ञ विटो व्होल्टेरा यांच्यापुढे ठेवले. १९२६ साली व्होल्टेरांनी उत्तर दिले : भक्ष्य वाढले की भक्षक वाढतो, भक्षक वाढला की भक्ष्य घटते, मग उपासमारीने भक्षक घटतो आणि भक्ष्य पुन्हा सावरते. मनुष्याने दोघांनाही बेताने मारले, तर सरासरीने भक्ष्य वाढते व भक्षक घटतो. जाळी थांबली की याच्या उलट घडते. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी १९२५ सालीच स्वतंत्रपणे अशी समीकरणे मांडली होती.

व्होल्टेरा यहुदी कुळातले. १९३१ साली फॅसिस्ट राजवटीच्या निष्ठेची शपथ नाकारल्यामुळे त्यांचे प्राध्यापकपद गेले. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली त्यांना आपल्या विज्ञान अकादमीत स्थान दिले, याचे स्मरण आम्हां कॅथॉलिकांनी ठेवावे.

आपल्याकडे याच कुळातला एक विचार २००४ साली कसोटीस उतरला. उल्लास कारंथ व सहकाऱ्यांनी ११ अरण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताडोबा त्यांपैकी एक. कॅमेऱ्याने टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ मोजले, पायी फिरून भक्ष्य मोजले. एक वाघ वर्षाला सुमारे ५० जनावरे, म्हणजे भक्ष्याचा दहावा हिस्सा मारतो, असे त्यांचे गृहीत होते. अर्थात एका वाघामागे ५०० जनावरे हवीत. जेथे भक्ष्य विरळ तेथे वाघही विरळ, हे मोजणीतून दिसले.

व्होल्टेरांच्या समीकरणांत जिवांची दोनच अक्षरे आहेत. ब्रह्मपुरीच्या वनांत आणि वैनगंगेपलीकडील गडचिरोलीत तिसरे अक्षरही आहे : पहाटे मोहफुले आणि तेंदूपाने वेचावयास निघालेली बाई. वाघ जगावा, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु तो जगतो त्याच रानावर तिचीही चूल पेटते. तिचा जीव ज्या हिशेबात धरलेला नाही, त्यास सहजीवनाचे गणित म्हणता येणार नाही, असे आम्हांस वाटते.