दुभंगलेले गर्भाशय आणि शल्यचिकित्सा : एक ऐतिहासिक आढावा

गर्भाशयाची घडण दोन नलिकांच्या मीलनातून होते. योहानेस म्युलर यांनी १८३० मध्ये वर्णन केल्यामुळे त्या म्युलर नलिका म्हणून ओळखल्या जातात. मीलन अपुरे राहिल्यास गर्भाशय द्विशृंगी होते. मीलन होऊनही मधली भिंत विरघळली नाही, तर आत पडदा उरतो. अशा गर्भाशयाच्या दुरुस्तीने मातृत्व लाभते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बर्लिनचे पाउल श्ट्रासमान यांनी १९०७ मध्ये दुहेरी गर्भाशय जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. माथ्यावर आडवा छेद घेऊन दोन्ही शृंगे उघडायची व कडा शिवून एकच पोकळी करायची, अशी ही पद्धत. ज्यू वंशाच्या या शल्यविशारदांना नाझी राजवटीत आपले रुग्णालय गमवावे लागले. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुत्र एर्विन यांनी अमेरिकेत ह्यूस्टन येथे वडिलांची पद्धत पुढे नेली. पाठ्यपुस्तकांत मात्र या घराण्याचे केवळ आडनाव उरले आहे.

बाल्टिमोरचे हॉवर्ड व जॉर्जिआना जोन्स हे दांपत्य पडद्यासह पाचरीच्या आकाराचा भाग कापून काढीत असे. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांवरील त्यांचा निबंध १९५३ चा आहे. या सर्व पद्धतींत पोट व गर्भाशय दोन्ही उघडावे लागत आणि पुढील प्रसूती बहुधा सिझेरियननेच होई. १९८० च्या दशकात योनिमार्गे दुर्बीण घालून पडदा छेदणे शक्य झाले. शस्त्रक्रिया सोपी झाली आणि साहजिकच तिचे प्रमाण वाढले.

पुरावा मात्र जुनाच राहिला. शस्त्रक्रियेपूर्वीचे गर्भपात आणि नंतरचे जन्म यांची तुलना हाच त्याचा आधार होता. ही तुलना फसवी आहे. निवडलेल्या स्त्रिया लागोपाठच्या अपयशामुळेच निवडल्या गेल्या होत्या. त्यांपैकी अनेकींची पुढील गर्भधारणा उपचाराविनाही यशस्वी झाली असती. २०११ च्या कॉक्रेन आढाव्याला या विषयावर एकही यादृच्छिक चाचणी आढळली नाही. अशी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. नेदरलँड्स, ब्रिटन, अमेरिका व इराण येथून ८० स्त्रिया मिळवण्यास सुमारे आठ वर्षे लागली. पडदा छेदलेल्या ३९ पैकी १२ जणींना, तर न छेदलेल्या ४० पैकी १४ जणींना जिवंत अपत्य झाले. संख्या लहान असल्याने हा अंतिम निर्णय नव्हे. परंतु शंभर वर्षांच्या आत्मविश्वासाला त्याने निश्चितच तडा दिला.

शिवाय पडदा कशास म्हणावे याविषयीही एकमत नाही. २०१३ चे युरोपीय निकष आणि २०१६ चे अमेरिकी निकष भिन्न आहेत. एकाच गर्भाशयाला पहिले सदोष ठरवतात, तर दुसरे सामान्य.