बहुआकाशक बिनतारी संदेशवहन

प्रेषक व ग्राही या दोन्ही ठिकाणी एकाहून अधिक आकाशक म्हणजे अँटेना वापरून एकाच कंप्रता पट्ट्यातून एकाच वेळी अनेक स्वतंत्र संदेशप्रवाह पाठविण्याची पद्धती. रेडिओ कंप्रतांचा वर्णपट मर्यादित असून तो नभोवाणी, दूरध्वनी, संरक्षण इ. सेवांना वाटून घ्यावा लागतो. त्यामुळे ठराविक पट्ट्यातून किती माहिती पाठविता येईल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये या धारणक्षमतेची गणिती मर्यादा सांगितली. संदेश गोंगाटापेक्षा पुष्कळ प्रबळ असताना प्रेषणशक्ती दुप्पट केली, तरी दर हर्ट्‌झमागे सेकंदाला सुमारे १ बिटचीच भर पडते. इमारती, टेकड्या इत्यादींवरून परावर्तित होऊन अनेक मार्गांनी येणारे तरंग परस्परांना क्षीण करतात, हाही मोठा दोष मानला जाई.

बेल लॅबोरेटरीजमधील जॅक विंटर्स यांनी १९८७ मध्ये बहुआकाशक प्रणालींच्या धारणक्षमतेचे विवेचन केले. पुण्यात जन्मलेले व तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर टॉमस कैलाथ आणि आरोग्यस्वामी पॉलराज यांना अशा प्रेषणाच्या कल्पनेचे अमेरिकन पेटंट १९९४ मध्ये मिळाले. एम्रे तेलातार (१९९५) व जेरार्ड फोशिनी (१९९६) यांच्या गणितानुसार तरंग पुरेसे विखुरले जात असतील, तर दोन्ही टोकांच्या आकाशकांपैकी जी संख्या लहान असेल, तिच्या प्रमाणात धारणक्षमता वाढते. अशा रीतीने बहुमार्गी प्रसारण हा दोष न राहता साधन ठरले. १९९८ मधील बेलच्या प्रयोगांत इमारतीच्या आत दर हर्ट्‌झमागे सेकंदाला २० ते ४० बिट इतका वेग मिळाला.

तथापि हे गणित एकाच प्रेषक-ग्राही जोडीचे आहे. त्याच पट्ट्यात शेजारी इतर जोड्या असल्यास व्यतिकरण उद्‌भवते. चार आकाशकांच्या ग्राहीला प्रत्येकी एक आकाशक असलेल्या तीन परक्या प्रेषकांचे तरंग दडपता येतात. पण मग त्याच्या स्वतःच्या संदेशासाठी एकच प्रवाह उरतो. म्हणजे वेग आणि व्यतिकरणापासून संरक्षण यांत आकाशकांची वाटणी करावी लागते. सर्व परके तरंग ग्राहीपाशी एकाच दिशेत एकवटल्यास, जोड्या कितीही असल्या तरी, प्रबळ संदेशाच्या स्थितीत प्रत्येकीला व्यतिकरणरहित क्षमतेच्या सुमारे निम्मा वाटा मिळू शकतो, असे विवेक कदंबे व सय्यद जाफर यांनी २००८ मध्ये सिद्ध केले. मात्र त्यासाठी सर्व मार्गांची अचूक माहिती लागते व ती मिळविणे व्यवहारात कठीण असते.

वाय-फायच्या २००९ मधील मानकात आणि चौथ्या व पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवांत ही पद्धती वापरली गेली.