थेरीगाथा आणि ताराबाई शिंदे

देऊळगाव राजा व शेजारच्या सिंदखेड राजा येथे इतिहास म्हटला की राजमाता जिजाऊंचे स्मरण होते, आणि ते यथार्थच आहे. परंतु याच बुलढाणा जिल्ह्यातील आणखी एका स्त्रीचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेस अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. पण तेवढ्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीस दूषणे दिली गेली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून शास्त्रकारांनाच जाब विचारला. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. तरीही ग्रंथ विस्मृतीत गेला, आणि स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला तो १९७५ मध्ये.

थेरीगाथेचे भाग्य निराळे. सोमा थेरीस माराने स्त्रीबुद्धीवरून हिणविले. समाहित चित्तास स्त्रीत्व आड येत नाही, असे तिने त्यास बजावले. तिचे हे बोल टिकले, कारण संघाने ते मुखोद्गत करून जपले. ताराबाईंच्या वाणीस असे जतन लाभले नाही.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली घटस्फोटाच्या हक्काचा ठराव संमत झाला. तेथे एकटीचा प्रश्न समूहाचा झाला. त्या पिढीच्या आठवणी उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथात नोंदविल्या.

१९५६ ची धम्मदीक्षा आठवणाऱ्या उपासिका आता थोड्याच उरल्या आहेत. गावोगावच्या विहारांतून त्यांचे बोल आजच लिहून घेणे, हेही संघकार्यच होय.