चालत्या भाषेची डागडुजी

उदगीरचे नाव शाळेच्या इतिहासात आलेच तर एका वाक्यापुरते येते. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी येथे निजामाचा पराभव केला, एवढे सांगून पुस्तक घाईने पानिपताकडे वळते. त्यानंतर या गावात काही घडलेच नाही अशी मुलांची समजूत झाली तर त्यात त्यांचा दोष नाही. वस्तुतः पुढे घडले ते पुष्कळ. फक्त ते तलवारीने घडले नाही, कागदावर घडले. निजामाच्या राज्यात दप्तराची भाषा आधी फारसी होती. १८८०च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, १९५६ साली बीदर जिल्ह्यातला हा तालुका मुंबई राज्यात आला, आणि कचेरीत मराठी बसली. झाले ते योग्यच झाले. पण जुने कागद काही त्याबरोबर मराठी झाले नाहीत. मुंतखब, सेतवार, जुने दाखले जसेच्या तसे उर्दूत राहिले, आणि शेताच्या हद्दीवरून दोन भावांत तंटा लागला की उर्दू वाचणारा एखादा वृद्ध जाणकार अजून शोधावा लागतो. नवी भाषा आली म्हणजे पुढचे लिहिणे सोपे होते. मागचे लिहिलेले कोणी वाचावयाचे याची तजवीज बहुधा कोणी करून ठेवीत नाही.

हाच प्रश्न आपल्या काळात एका अगदी निराळ्या भाषेपुढे उभा राहिला. ही भाषा कोणी बोलत नाही. संगणकाला करावयाच्या कामाच्या आज्ञा तीत लिहून द्यावयाच्या असतात. तिचे नाव पायथन. या नावाचा अजगराशी संबंध नाही. ‘मॉन्टी पायथन’ नावाच्या एका विनोदी ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून ते घेतलेले आहे. आज शास्त्रज्ञांची आकडेमोड, कंपन्यांचे व्यवहार, यंत्राला शिकविण्याचे सगळे नवे उद्योग या भाषेवर उभे आहेत, आणि आपल्याकडील विद्यार्थीही ती शिकतात. मला तिच्याविषयी कुतूहल वाटले ते या थोरवीमुळे नव्हे. या भाषेला मालक नाही, ही त्यातली खरी गोष्ट. ज्याला हवी त्याने ती फुकट घ्यावी, तिचे पोट उघडून आतील रचना वाचावी, हवी तशी बदलावी आणि बदललेली दुसऱ्यास द्यावी. याला मुक्त स्रोत म्हणतात. एखाद्या कंपनीची भाषा असती तर कंपनीने हुकूम काढला असता आणि लोकांनी तो मुकाट्याने पाळला असता. येथे हुकूम काढला तरी तो पाळण्याचे बंधन कोणावर नाही. त्यामुळे या भाषेचा इतिहास हा बव्हंशी लोकांची मने वळविण्याचा इतिहास झाला आहे.

आरंभ साधाच आहे. १९८९च्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, ॲम्स्टरडॅमच्या एका सरकारी गणित-संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ग्विडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने ती रचावयास घेतली. त्यापूर्वी त्याच संस्थेत ‘एबीसी’ नावाची भाषा तयार करण्याच्या कामात तो होता. एबीसी वाचावयास सुबोध होती, पण तीत बाहेरच्या कोणास भर घालण्याची सोय नव्हती. ती फारशी पसरली नाही. व्हान रॉसमने तिची सुबोधता उचलली आणि कवाडे उघडी ठेवली. फेब्रुवारी १९९१ मध्ये ती भाषा त्याने जगापुढे ठेवली. वापरणारे वाढले, सूचना करणारे वाढले, आणि १९९५च्या सुमारास मंडळींनी त्याला थट्टेने एक पदवी बहाल केली: तहहयात परोपकारी हुकूमशहा. पदवी थट्टेची, पण शेवटचा शब्द त्याचा, हे मात्र खरेच होते.

सन २००० पासून बदलाची एक रीत पडली. कोणालाही भाषेत काही सुधारणा हवी असेल तर त्याने प्रस्ताव लिहावा. त्यात सुधारणा कशासाठी, जुन्या लिखाणावर तिचा परिणाम काय, आणखी कोणते मार्ग होते व ते का टाकले, हे सर्व मांडावे. प्रस्तावाला क्रमांक मिळतो, त्यावर महिनोन् महिने वाद होतो, आणि शेवटी तो स्वीकारला किंवा फेटाळला जातो. फेटाळलेला प्रस्तावसुद्धा कारणासह जपून ठेवतात, म्हणजे दहा वर्षांनी तीच कल्पना घेऊन येणाऱ्यास तो दाखविता येतो. मला ही रीत फार आवडली. आपल्याकडील समित्यांचे अहवाल मी जे काही पाहिले त्यांत हरलेल्या बाजूचे म्हणणे इतक्या आस्थेने जपलेले क्वचितच आढळले.

आता मूळ गोष्टीकडे वळू. संगणक अक्षर जाणत नाही, आकडा जाणतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत अक्षरांना आकडे देण्याचे जे कोष्टक ठरले त्यात एकंदर १२८ जागा होत्या. इंग्रजी लिपी, अंक आणि विरामचिन्हे मिळून त्या संपल्या. ‘क’ला त्यात जागा नव्हती, ‘ळ’ तर दूरच. पुढे १९९१ पासून युनिकोड नावाचे कोष्टक आले आणि देवनागरीसह अनेक लिप्यांच्या प्रत्येक चिन्हास स्वतःचा क्रमांक मिळाला. पण पायथन जन्मली ती जुन्या समजुतीत. मजकूर म्हणजे आकड्यांची माळ, एक घर म्हणजे एक अक्षर, हे तिच्या हाडात होते. युनिकोडची सोय मागाहून जोडली गेली खरी, पण जुन्या घराला पडवी काढावी तशी.

परिणाम काय होई ते आपल्या गावाच्या नावावरून पाहता येते. ‘उदगीर’ हा शब्द नेहमीच्या पद्धतीने साठविला तर त्याला १५ घरे लागतात, कारण देवनागरीचे एकेक चिन्ह ३ घरे घेते. जुन्या पायथनला विचारले, या शब्दाची लांबी किती? ती सरळ म्हणे, १५. पहिली ४ अक्षरे कापून दे म्हटले तर ती पहिली ४ घरे कापी, म्हणजे ‘उ’ आणि ‘द’चा एक तुकडा, त्या तुकड्याला जगात अर्थ नाही. याहून वाईट म्हणजे दोष लपून राही. अमेरिकेत वर्षानुवर्षे सुरळीत चाललेली आज्ञावली एखाद्या फ्रेंच नावातल्या स्वरावरील चिन्हाला अडखळून अचानक कोसळे. मराठी वाचकास या जातीचा घोटाळा अपरिचित नाही. आपली छपाई संगणकावर गेली त्या पहिल्या काळात एकेका फाँटाची अक्षरयोजना निराळी असे. फाँट बदलला की कथेची भेळ होई. त्या काळच्या कित्येक लेखकांचे हस्तलिखित वाचता येते, पण संगणकातील प्रत वाचता येत नाही.

हे दुखणे वरवरच्या मलमाने जाणारे नव्हते. मजकूर निराळा आणि आकड्यांची माळ निराळी, असे पायातच ठरवावयास हवे होते, आणि ते ठरविले तर आधीचे लाखो लोकांचे लिखाण मोडणार होते. व्हान रॉसम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोडावयाचे ठरविले. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३ प्रसिद्ध झाली. तीत ‘उदगीर’ची लांबी ५ येऊ लागली, आज्ञावलीतल्या राशींना देवनागरी नावे देता येऊ लागली. आपल्यासारख्या लिप्यांसाठी जगभरच्या इंग्रजी लिहिणाऱ्यांनी ही उलथापालथ सोसावी, असा याचा अर्थ होता, आणि तो निर्णय मला न्याय्य वाटतो.

पण मोडावयाचेच आहे म्हटल्यावर सुधारकांस उत्साह येतो. घराचा पाया काढताना खिडक्यांचे रंगही बदलून घ्यावे, तसे झाले. पूर्वी १ भागिले २ म्हटले की उत्तर ० येई, आता ०.५ येऊ लागले. हे शिक्षकाच्या दृष्टीने बरे, पण जुन्या हिशेबात हा फरक मुकाट्याने शिरे. पडद्यावर मजकूर उमटविण्याची जी सर्वांत साधी आज्ञा, ‘प्रिंट’, तिच्यामागे आता कंस घालणे सक्तीचे झाले. या कंसाचे समर्थन मी वाचले आहे, ते तर्कशुद्धही आहे; पण जी ओळ प्रत्येक नवशिक्याने पहिल्या दिवशी लिहिलेली असते तीच चुकीची ठरविली, तर लोक बिथरणारच.

लोक बिथरले, पण भांडले कमी. त्यांनी सरळ दुर्लक्ष केले. जुनी भाषा चालत होती आणि फुकट होती. शिवाय एकाची आज्ञावली दुसऱ्याच्या आज्ञावलीवर उभी असते. दुसरा हलला नाही तर पहिला कसा हलणार? सगळे एकमेकांकडे पाहत बसले. जुने लिखाण आपोआप नव्यात उतरवून देणारे साधन दिले होते, पण ते एकेरी रस्त्याचे. ज्यांस काही वर्षे दोन्हींकडे पाय ठेवणे भाग होते त्यांस ते निरुपयोगी ठरले. खुद्द व्हान रॉसम तेव्हा ज्या ड्रॉपबॉक्स कंपनीत नोकरीस होता तिला आपली मुख्य आज्ञावली नव्या भाषेत नेण्यास सुमारे ३ वर्षे लागली. तेव्हा कर्त्या मंडळींनी माघार घेतली, आणि ती शहाणपणाची होती. २०१२ साली, अनावश्यक म्हणून काढून टाकलेले एक जुने चिन्ह त्यांनी परत आणले, केवळ एकच लिखाण दोन्ही भाषांत चालावे म्हणून. जुन्या भाषेची देखभाल २०१५ साली थांबावयाची होती. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढविली. म्हणजे एका पिढीची मुले शाळेत जाऊन बाहेर पडावीत इतका काळ दोन भाषा शेजारी शेजारी नांदल्या, आणि जुनीतले दोष दुरुस्त करण्याचे कंटाळवाणे काम पुष्कळांनी विनावेतन केले. याच काळात पर्ल नावाच्या दुसऱ्या भाषेनेही असाच नवा अवतार घ्यावयाचे ठरविले होते. त्याची घोषणा २००० साली झाली, तो अवतरला २०१५च्या नाताळात, आणि तोवर वाट न पाहता लोक पांगले होते; २०१९ साली त्याचे नावच बदलून राकू करण्यात आले.

मराठीने हा प्रसंग पाहिलेला आहे. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ त्यांत मिळाले. अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘नांव’चे ‘नाव’ झाले, ‘कांहीं’चे ‘काही’. ज्या शिक्षकांनी आयुष्यभर या टिंबांसाठी मुलांचे कान पिळले त्यांनाच ती लाल शाईने खोडावी लागली. पण या नियमांत एक कलम असे आहे की त्यामुळे नियम करणाऱ्यांविषयी माझा आदर वाढला. केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य छापताना ते मुळाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे नव्या नियमांनी. मागच्या लिखाणाचे काय, हे येथे कोणीतरी विचारले होते आणि एक रेघ आखून उत्तरही दिले होते. कचेरीच्या कागदांना असे कलम मिळाले नाही. अर्थात मराठीचा नियम वाचणाऱ्यास फार अडवीत नाही. ‘नांव’ लिहिले तरी माणूस समजतो. यंत्र समजत नाही, ते थांबते. म्हणूनच पायथनवाल्यांस १२ वर्षे थांबावे लागले.

एवढे निभावून नेणारा मनुष्य पुढे एका चिन्हापायी थकला. आज्ञावलीच्या एका ओळीत आकडा काढावयाचा आणि त्याच ठिकाणी त्याला नावही द्यावयाचे, यासाठी दोन टिंबे आणि पुढे बरोबरचे चिन्ह अशी खूण सुचविली गेली होती. आडवी पाहिली तर ती सुळेवाल्या वॉलरस प्राण्याच्या तोंडासारखी दिसते, म्हणून तिला तेच नाव पडले. बदल लहान, कोणाचे जुने काहीच मोडत नव्हते. तरी त्यावर असा कडाका उडाला की प्रस्ताव मान्य केल्यानंतर १२ जुलै २०१८ रोजी व्हान रॉसमने हुकूमशहापद सोडले. एका प्रस्तावासाठी इतके झगडायचे आणि वर इतक्या लोकांचा तिटकारा पदरी घ्यायचा, हे पुन्हा नको, असे त्याचे म्हणणे होते. वारस त्याने नेमला नाही. तुम्हीच ठरवा, म्हणाला.

पुढचे सहा महिने या इतिहासातले मला सर्वांत मोलाचे वाटतात, जरी त्यांत नाट्य काहीच नाही. कारभार कसा चालावा याचे ७ आराखडे पुढे आले. त्यांत पुन्हा एकच प्रमुख नेमावा असाही एक होता. भाषेची देखभाल करणाऱ्यांनी मतदान केले आणि ५ जणांचे निवडून दिलेले मंडळ पसंत केले. एकाच कंपनीच्या नोकरीतील दोहोंपेक्षा अधिक माणसे मंडळात असू नयेत, अशी अट घातली. २०१९च्या पहिल्या मंडळात व्हान रॉसम स्वतः निवडून आला. पुढच्या खेपेस तो उभा राहिला नाही. गादी गेली आणि राज्य राहिले, असे आमच्या निजामशाही मुलखातल्या माणसास सहज म्हणावेसे वाटते.

महाराष्ट्राचा या व्यवहाराशी संबंध नाही असे नाही. पायथनवाल्यांचे अखिल भारतीय संमेलन २०११ साली पुण्यात भरले आणि या भाषेच्या मुख्य कारागिरांपैकी रेमंड हेटिंगर त्यात बोलावयास आले होते. मुंबईच्या आय.आय.टी.ने मुक्त स्रोत साधने महाविद्यालयांत नेण्याचा जो उपक्रम चालविला त्यात पायथन आहे. मात्र वापरणारे अमाप आणि डागडुजी करणारे मोजके, हे प्रमाण सगळीकडे सारखेच. पायथनची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने केवळ या डागडुजीसाठी पूर्णवेळ पगारी माणूस पहिल्यांदा नेमला तो २०२१ साली, भाषा जगापुढे आल्यावर ३० वर्षांनी.

आता दर वर्षी ऑक्टोबरात नवी आवृत्ती निघते, प्रत्येकीची ५ वर्षे निगा राखली जाते, आणि काही काढून टाकावयाचे तर आधीच्या आवृत्त्यांत त्याची सूचना द्यावी लागते. पायथन २ची अखेरची आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये निघाली. ती आजही कोणास चालवावयाची असेल तर मनाई नाही. फक्त बिघडली तर मूळ मंडळींपैकी कोणी येणार नाही. आणि ‘उदगीर’ची लांबी? पायथन ३ ती अजून ५च सांगते, कारण ती ‘ग’ आणि त्याची वेलांटी निरनिराळी मोजते. पहिलीतल्या मुलास विचारले तर ते बोटे घालून ४ म्हणेल: उ, द, गी, र. मुलाचे बरोबर आहे. पण ते उत्तर त्या साध्या प्रश्नाला द्यावयाचे ठरविले तर ५ धरून लिहिलेले जगभरचे सगळे लिखाण पुन्हा मोडेल, आणि तसा विचार सध्या तरी कोणाच्या मनात नाही.