गिरण्यांच्या शहरातील मैदाने: सोलापूरच्या महाविद्यालयीन क्रीडासुविधांची घडण

सोलापुरात पहिली महाविद्यालये आली ती गिरण्या चालत्या असताना, त्यांचा विस्तार झाला तो गिरण्या डळमळू लागल्यावर, आणि स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते बहुतेक भोंगे कायमचे थांबल्यावर. त्यामुळे इथल्या महाविद्यालयांची मैदाने, व्यायामशाळा आणि क्रीडागृहे यांच्या घडणीवर कापड उद्योगाच्या चढउतारांची छाप पडलेली आहे. काळी माती, तुटपुंजा पाऊस आणि कडक ऊन यांनीही या घडणीला मर्यादा घालून दिल्या.

गिरण्यांचे शहर

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला आणि कापसाच्या या बाजारपेठेत कारखानदारीची वाट मोकळी झाली. मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७७ मध्ये सुरू झाली. गावात तिला पुढे ‘जुनी गिरण’ हेच नाव पडले. त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या जाम मिलला नवानगरचे जाम रणजितसिंहजी यांचे नाव देण्यात आले. इंग्लंडकडून कसोटी सामने खेळलेल्या या फलंदाजाच्या नावाने पुढे रणजी करंडक सुरू झाला. १९०१ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या सुमारे पंचाहत्तर हजार होती. सोलापूर जिल्ह्यातून, तेलंगणातून आणि कर्नाटकातून येणाऱ्या कामगार कुटुंबांनी ती वाढत गेली.

या वस्तीचा व्यायाम तालमीत होत असे. पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे आजही शहराच्या सार्वजनिक जीवनात टिकून आहेत. लाल मातीचा हौद, मल्लखांब आणि जोर-बैठकांपुरती जागा एवढ्यात तालीम भागते. धावण्याच्या आणि चेंडूच्या खेळांना मात्र मोकळे रान लागते. ते भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात मिळाले. सिद्धेश्वर यात्रेचे होम मैदान आणि क्रिकेटचे पार्क मैदान याच भागात आहेत. भारताचे कर्णधार झालेले पॉली उम्रीगर यांचे बालपण सोलापुरात गेले. त्यांच्या वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता. उम्रीगर पुढे मुंबईत शिकले आणि मुंबई विद्यापीठाच्या संघाचे कर्णधार झाले. विद्यापीठांमधील क्रिकेटसाठीचा रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ मध्ये सुरू झाला, तेव्हा सोलापुरात दयानंद महाविद्यालयही निघालेले नव्हते.

महाविद्यालये आणि मुरमाची मैदाने

दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये सुरू झाले. संगमेश्वर महाविद्यालय १९५३ मध्ये, वालचंद कला व शास्त्र महाविद्यालय १९६२ मध्ये आणि वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये निघाले. यांपैकी जुनी महाविद्यालये आधी मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होती. १९६२ नंतर शहरातली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत आली.

महाराष्ट्रात मैदानी खेळांचे नियम आणि मापे ठरण्याचे काम तोवर बरेच पुढे गेले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोची नियमावली तयार केली. १९३८ मध्ये खेर मंत्रिमंडळाच्या काळात कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था निघाली. अशा संस्थांत शिकलेल्या शिक्षकांना मैदानाची आखणी अभ्यासाचा भाग म्हणून येत असे, आणि महाविद्यालयात वास्तुविशारदाआधी मैदानाची रचना ठरवणारा माणूस बहुधा तोच असे.

सोलापुरात पहिला प्रश्न जमिनीचा असतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट मैदान केले तर पावसाळ्यात चिखल होतो आणि मार्चनंतर पाय मुरगळतात. म्हणून वरचा थर काढायचा, खाली दगडगोटे भरायचे, वर मुरूम पसरून पाणी मारायचे आणि रोलर फिरवायचा ही रीत रूढ झाली. मध्यभागी किंचित उंचवटा ठेवून कडेला चर काढला की पाणी साचत नाही. शहरात पाऊस कमी पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशा ठिकाणी हिरवळ राखणे पाण्याच्या दृष्टीने परवडत नाही. मुरमाचे मैदान आणि क्रिकेटला मॅटिंगची खेळपट्टी हा व्यवहार्य मार्ग होता.

दुसरा प्रश्न जागेच्या वाटपाचा. आठ पट्ट्यांच्या ४०० मीटर धावमार्गाला साधारण १७६ मीटर लांब आणि ९२ मीटर रुंद जागा, म्हणजे सुमारे चार एकर लागतात. एवढी जागा एकट्या धावमार्गाला देणे फार थोड्या संस्थांना शक्य असते. खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटरचे आणि पुरुषांच्या कबड्डीचे १३ बाय १० मीटरचे असते. त्यामुळे मोठे मैदान मोकळे ठेवून खेळाच्या हंगामाप्रमाणे फक्कीने आखणी बदलणे हीच पद्धत सोयीची ठरली. एकाच जमिनीवर पावसाळ्यानंतर कबड्डी, हिवाळ्यात धावण्याच्या शर्यती आणि पुढे क्रिकेट होऊ शकते. खो-खोच्या खांबांसाठी कायमचे खड्डे आणि उत्तर-दक्षिण आखलेले व्हॉलीबॉल, बास्केटबॉल यांचे कोर्ट एवढीच पक्की कामे असत. ही दिशा धरली की सकाळचा वा संध्याकाळचा सूर्य खेळाडूंच्या डोळ्यांवर येत नाही.

उद्योग बदलला

जुनी गिरण १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने तिचा कारभार हाती घेतला, आणि त्यावरचा चिरंजितलाल चौधरी खटला भारतीय घटनेच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या खटल्यांपैकी एक ठरला. तरीही १९६० च्या दशकात गिरण कायमची बंद झाली. १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णूचे भोंगेही थांबले. तोवर शहराचे उत्पादन हातमागावरून यंत्रमागाकडे आणि चादर-टॉवेलच्या लहान कारखान्यांकडे सरकले होते.

याचा परिणाम क्रीडासुविधांवरही झाला. गिरणीकडे जमीन, पैसा आणि माणसे एका ठिकाणी एकवटलेली असत. दाटीने वसलेल्या यंत्रमागाच्या कारखान्यांभोवती मोकळी जागा उरत नाही. गिरण्यांच्या जमिनींना घरबांधणी आणि व्यापारासाठी मागणी आली. अशा वेळी महाविद्यालयांची मैदाने हा शहराच्या मोकळ्या जागेचा मोठा वाटा ठरला. दिवसा मागावर काम करून रात्र महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा खेळ दिव्यांच्या सोयीवर अवलंबून असतो. कामगारांच्या शहरात प्रकाशयोजना ही म्हणूनच मूलभूत गरज आहे.

मातीवरून मॅटवर

याच काळात खेळांचे पृष्ठभागही बदलत होते. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कृत्रिम धावमार्ग आला आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. महाराष्ट्रात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडीचे संकुल उभे राहिले. कबड्डी मॅटवर गेली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आणि २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीग सुरू झाल्या, आणि २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला.

मॅट उघड्यावर टिकत नाही, तिला छत लागते. बॅडमिंटनच्या चांगल्या स्पर्धेला छताखाली किमान ९ मीटर मोकळी उंची लागते. उष्ण हवेत असे उंच क्रीडागृह बांधताना गिरण्यांतल्या विणकाम शेडचे तत्त्व उपयोगी पडते. करवतीच्या दात्यांसारख्या छताच्या काचा उत्तरेकडे ठेवल्या की ऊन थेट आत येत नाही. विणकराला त्या सौम्य उजेडात धागा नीट दिसतो, आणि खेळाडूलाही बॅडमिंटनचे फूल स्पष्ट दिसते. फरक हवेचा आहे. विणकामाला दमट हवा लागते, तर क्रीडागृहात वारा खेळता राहावा लागतो.

विद्यापीठानंतर

१ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. सोलापूरच्या खेळाडूंची निवड आता कोल्हापूरच्या विद्यापीठातून न होता जिल्ह्यातच होऊ लागली, आणि केगाव येथील विस्तीर्ण परिसरामुळे शहरातल्या महाविद्यालयांना न मिळणारी जागाही हाताशी आली. राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणाने जिल्हा आणि तालुका संकुलांवर भर दिला. पार्क मैदानाचे, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियमचे, स्मार्ट सिटी योजनेत नूतनीकरण झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथे महाराष्ट्र-मणिपूर हा रणजी सामना खेळला गेला.

त्यामुळे महाविद्यालयापुढचा प्रश्न सोपा झाला आहे. कृत्रिम धावमार्ग आणि मोठ्या सामन्यांची सोय विद्यापीठ व सार्वजनिक संकुलांकडे सोपवता येते. महाविद्यालयाने राखायचे ते मुरमाचे मोकळे मैदान, कडेची सावलीची झाडे, पावसाचे पाणी जिरवणारा चर, मुलींसाठी स्वतंत्र कपडे बदलण्याची जागा आणि अंधार पडल्यावरचे दिवे. मॅटसाठी छताची गरज भासली तर इमारत मैदानाच्या कडेला उभी राहावी. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या असलेल्या या शहरात क्रीडागृह पुन्हा बांधता येईल, पण बांधकामाखाली गेलेले चार एकरांचे मैदान परत मिळवता येणार नाही.