टक्का-डीची कुळकथा

म्हसवड-दहिवडीकडची जी मुलं नव्वदच्या दशकात कऱ्हाड-सांगलीला इंजिनीअरिंगला गेली, त्यांच्या हाती बहुधा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ हे सी भाषेचं पुस्तक असे आणि संगणकावर टर्बो सी हा कंपायलर. तिथे इंट हा पूर्णांकाचा प्रकार दोन बाइटांचा. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा 32767. पुढे नोकरीत इंट चार बाइटांचा निघाला. पाठ केलेला आकडा टर्बो सीचा होता. सी भाषेने तसा शब्द कधी दिलाच नव्हता.

याचं मूळ सीच्या आधीच्या भाषेत आहे. बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सनची बी ही भाषा 18 बिटांच्या पीडीपी-7 वर वाढली. तिच्यात डेटाचे वेगवेगळे प्रकारच नव्हते. छापण्याचं प्रिंटएफ मात्र होतं, आणि आकडा कुठे छापायचा ते दाखवणारी टक्क्याची खूण त्याहून जुनी, मार्टिन रिचर्ड्सच्या बीसीपीएलमधली. मग 16 बिटांचं पीडीपी-11 आलं आणि डेनिस रिचीने सीमध्ये अक्षरासाठी कॅर आणि पूर्णांकासाठी इंट असे प्रकार वेगळे केले. इंट म्हणजे त्या त्या यंत्राला सोयीचा पूर्णांक. 1978 च्या कर्निगन-रिचींच्या पुस्तकात तक्ताच आहे: पीडीपी-11 वर 16 बिट, आयबीएम 370 वर 32, हनीवेल 6000 वर 36. ही मोकळीक जाणूनबुजून ठेवलेली होती आणि मला ती योग्यच वाटते. 36 बिटांच्या यंत्रावर 32 चा हट्ट धरला असता, तर साध्या बेरजेलाही जादा काम पडलं असतं.

किंमत मोजावी लागली ती छापताना. प्रिंटएफकडे आकडा जातो, त्याचा आकार जात नाही. किती बाइट उचलायचे हे टक्क्यापुढची अक्षरंच सांगतात. 32 बिटांच्या यंत्रावर 64 बिटांचा आकडा टक्का-डी (%d) या इंटच्या खुणेने छापला, तर अर्धाच उचलला जाऊन उरलेला अर्धा पुढच्या आकड्याच्या जागी उमटू शकतो.

सीच्या 1989 च्या मानकाने फक्त किमान मर्यादा घातल्या: इंट 16 बिट, लाँग हा मोठा पूर्णांक 32. नंतर 64 बिटांच्या लिनक्सवर लाँग 64 चा झाला, विंडोजवर 32 चाच राहिला. 1999 मध्ये नेमक्या आकाराचे प्रकार आले आणि सोबत पीआरआयडी64 हा मॅक्रो, जो त्या यंत्राला लागणारी अक्षरं स्वतः भरतो. पण त्यासाठी अवतरणचिन्हांतला मजकूर मध्येच तोडावा लागतो, म्हणून अनेकजण तो टाळतात. सी-23 या मानकाने टक्का-डब्ल्यू-64-डी दिलं. आता आकार थेट त्या खुणेतच लिहिता येतो.